बँडसाठी तयार शो विकत घेताय? या चुका टाळा

एप्रिल सरत आला की अमेरिकेतल्या हायस्कूल मार्चिंग बँडच्या पालकांत एकच प्रश्न फिरायला लागतो: यंदा शो, म्हणजे मैदानावर चालत वाजवायचा कार्यक्रम, कोणता? ज्या शाळांच्या गाठीशी पैसा असतो त्या अरेंजर, म्हणजे बँडसाठी संगीताची मांडणी करणारा, गाठून आपल्या मुलांच्या मापाचं संगीत लिहून घेतात. बाकीच्या बऱ्याच शाळा तयार लिहिलेला शो घेतात. किंमत काहीशे डॉलरपासून काही हजारांपर्यंत. रेडिमेड कपड्यात वाईट काही नाही, पण बाही लांब निघाली तर शिंपी लागतो आणि त्याची मजुरी दुकानातल्या चिठ्ठीवर छापलेली नसते.

डॅलसजवळच्या एका उपनगरातल्या शाळेच्या बूस्टर क्लबात, म्हणजे बँडला हातभार लावणाऱ्या पालकांच्या मंडळात, मी चार वर्षं होते. मुलगी आधी बेस ड्रमवर, मग स्नेअरवर. लग्नाआधी पुण्यात मी पथकात ताशा वाजवायचे. तेवढ्यावरून "तुला ड्रममधलं कळतं" असं ठरलं आणि शो निवडायच्या बैठकीत मला बसवलं गेलं. खालच्या चुकांपैकी निम्म्या माझ्या आहेत.

डेमो ऐकून भुलणं

विकणाऱ्याच्या पानावर वाजणारा डेमो बहुतेक वेळा माणसांनी वाजवलेला नसतो. कॉम्प्युटरने साठवलेल्या आवाजांतून तो तयार केलेला असतो. त्यात ट्रंपेटसारखी पितळी वाद्यं वाजवणाऱ्या वीस ब्रासवाल्यांच्या गदारोळातही मरिंबा (काठ्यांनी वाजवायचं पट्ट्यांचं वाद्य) स्वच्छ ऐकू येतो, तिसऱ्या ट्रंपेटला धाप लागत नाही, कुणी ऑगस्टच्या उन्हात उभं नसतं. मी असाच एक डेमो गाडीत ऐकला, अंगावर काटा आला, आणि बैठकीत जाऊन त्याची वकिली केली.

टेबलावर आधी यायला हवा होता तो मुलांचा कागद. येत्या सीझनला मेलोफोन किती, सूझाफोन (अंगावर घ्यायचा ट्यूबा) किती, क्लॅरिनेट किती, पिटमध्ये, म्हणजे मैदानाच्या कडेला उभं राहून मरिंबासारखी वाद्यं वाजवणाऱ्या गटात, किती आणि त्यातल्या कितींना चार मॅलेट (वाजवायच्या काठ्या) धरता येतात. हे आकडे मागच्या वर्षीचे नकोत. सीनियर मुलं जूनमध्ये बाहेर पडतात, मिडल स्कूलमधून नवी येतात, आणि ट्यूबाची अख्खी रांग एका वर्षात रिकामी झालेली मी पाहिली आहे. हा कागद हातात असला की विकणाऱ्याकडे स्कोअरची, म्हणजे सगळ्या वाद्यांच्या एकत्र स्वरलिपीची, नमुना पानं मागायची. सगळ्यात अवघड पान काढायचं आणि बँडच्या डायरेक्टरला एवढंच विचारायचं: हे आपल्या सगळ्यात कच्च्या मुलाला सप्टेंबरपर्यंत जमेल का? ट्रंपेटच्या पार्टात, म्हणजे त्या वाद्याच्या वाट्याच्या ओळीत, हाय सी हा उंच स्वर एकदा आला तर हरकत नाही. दर पानावर येत असेल, तर दुसऱ्या फेरीला ओठ सुजलेली मुलं दिसतील.

मुलांचा आकडा चुकला की सगळ्यात वाईट फटका बेस ड्रमला बसतो, आणि ही चूक पूर्णपणे माझी. आमच्या शोमध्ये पाच बेस ड्रमचे पार्ट होते, मुलं चार. मी म्हटलं, एक पार्ट काढून टाकू, काय बिघडतं? ढोल पथकाची सवय, दुसरं काय. चाळीस ढोलांतला एक कमी आला तर कुणाला पत्ताही लागत नाही, कारण सगळे ढोल एकच बोल वाजवतात. मार्चिंग बँडचे बेस ड्रम तसे नसतात. प्रत्येक ड्रम वेगळ्या आकाराचा, वेगळ्या स्वराचा, आणि एकच ओळ पाच जणांत एकेका ठोक्याने वाटलेली. मिनिटाला १५० ठोक्यांची लय आणि प्रत्येक ठोक्यात चार स्वर धरले, तर एका मुलाच्या वाट्याला सेकंदाचा दहावा भाग येतो. त्यातलं एक मूल गेलं की ओळीला भोक पडतं, आणि ते दर वेळी त्याच जागी पडतं. प्रेक्षकांत बसलेल्या आजीलाही ते ऐकू येतं.

यावर उपाय आहे, पण पार्ट गाळणं हा नव्हे. ओळ चौघांत नव्याने वाटून लिहावी लागते. विकत घेण्याआधीच विचारा: चार बेस ड्रमची वेगळी प्रत मिळते का? टेनर ड्रम नसतील तर चालेल असं लिहिलंय का? काही प्रकाशक लहान बँडसाठी लवचीक मांडणीचे शो काढतात, ज्यात मोजकेच मुख्य पार्ट असतात आणि कोणतं वाद्य कोणता पार्ट घेईल ते तुम्ही ठरवता. आमच्यासारख्या शाळेने तिकडे आधी बघायला हवं होतं.

पिटमधली वाद्यं न तपासणं

मरिंबा म्हटलं की सगळे सारखे, असा माझा समज होता. शाळांमध्ये ४.३ सप्तकांचे मरिंबा बऱ्याच ठिकाणी असतात. त्यांचा सगळ्यात खालचा स्वर ए. पाच सप्तकांचा मरिंबा त्याखाली सीपर्यंत उतरतो. शो पाच सप्तकांसाठी लिहिलेला असेल तर तुमच्या मुलाचा डावा हात पट्टी नसलेल्या जागेवर जातो. मुलं हुशार असतात, ती ते स्वर एक सप्तक वर उचलून वाजवतात आणि कुणाला सांगत नाहीत. मग संगीताचा तळ कुठे गेला, हे शोधण्यात आठवडा जातो. शोधून सापडलं तर ते खालचे स्वर सिंथेसायझरला द्या. मरिंबाच्या पार्टात जबरदस्तीने बसवू नका.

सिंथेसायझरवरून आठवलं. बऱ्याच शोसोबत आवाजांच्या फाइली येतात, आणि त्यातल्या कितीतरी मेनस्टेज नावाच्या सॉफ्टवेअरसाठी बनवलेल्या असतात. हे अॅपलचं सॉफ्टवेअर, फक्त मॅकवर चालतं. शाळेने पिटसाठी विंडोजचा लॅपटॉप दिलेला असेल तर ती फाइल उघडतच नाही, आणि हे कळतं बँड कॅम्पच्या, म्हणजे सरावाच्या शिबिराच्या, पहिल्या सकाळी. खरेदीच्या मेलमध्येच लिहा: बोललेले संवाद आणि खास आवाज साध्या वेव्ह फाइली म्हणूनही द्या. त्या कुठल्याही सॅम्पलरमध्ये (साठवलेले आवाज वाजवणारं यंत्र किंवा सॉफ्टवेअर) घालता येतात. स्पर्धेत साठवलेले आवाज किती आणि कसे वापरता येतात याचे नियम सगळीकडे एकसारखे नसतात, ते डायरेक्टरनेच तपासायचे.

मैदान कागदापेक्षा मोठं असतं

फुटबॉलचं मैदान १०० यार्ड लांब आणि ५३⅓ यार्ड रुंद असतं. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. म्हणजे ५० यार्ड लांब उभ्या असलेल्या मुलाचा आवाज तुमच्यापर्यंत पोचायला सेकंदाचा आठवा भाग लागतो. मिनिटाला १६० ठोक्यांच्या लयीत एवढ्या वेळात एक अख्खा सोळांश स्वर, म्हणजे ठोक्याचा चौथा भाग, निघून जातो. पथकात हे आम्ही अंगाने शिकलो होतो. लक्ष्मी रोडवर मागच्या ढोलांनी कानावर विसंबायचं नाही, पुढच्या हाताकडे बघायचं. इथेही तेच. पिट मैदानाच्या पुढच्या कडेला असतं, म्हणून ते मागून येणारी बॅटरी, म्हणजे चालत वाजवणारे ड्रम, ऐकून वाजवतं आणि मैदानावरची मुलं ड्रम मेजरच्या, म्हणजे पुढे उभं राहून हाताने लय दाखवणाऱ्याच्या, हातावर चालतात.

तयार शोमध्ये वेगवान सवाल-जवाब असतील, म्हणजे एक तुकडा या टोकाला आणि उत्तर त्या टोकाला, तर अनुभवी बँड ते निभावून नेतो. पहिल्या-दुसऱ्या वर्षाची मुलं असतील तर ते दोन गट ड्रिलमध्ये, म्हणजे मैदानावर कुणी कुठे चालायचं त्या आखणीत, जवळ आणायची सोय आहे का, ते बघा.

हिवाळ्यातल्या इनडोअर परकशनला, म्हणजे जिममध्ये होणाऱ्या फक्त ड्रम-मरिंबांच्या शोला, नेमकी उलटी अडचण. हायस्कूलचं बास्केटबॉल कोर्ट ८४ बाय ५० फूट. आवाज दूर जात नाही, भिंतीवर आपटून परत येतो. मैदानासाठी लिहिलेला ड्रमचा तुकडा जिममध्ये नेला की नुसता कल्लोळ होतो. शिवाय इथे ब्रास आणि क्लॅरिनेटसारखी वूडविंड वाद्यं नसतात, त्यामुळे सूर सांभाळण्याची सगळी जबाबदारी मरिंबा, व्हायब्राफोन आणि कीबोर्डवर येते. म्हणून "ड्रमलाइन शो" एवढ्याच नावावर घेऊ नका, तो जिममध्ये वाजवायला लिहिलाय का ते विचारा. या स्पर्धांचं मोठं नाव म्हणजे डब्ल्यूजीआय (विंटर गार्ड इंटरनॅशनल). संस्था १९७७ ची, परकशनची स्पर्धा १९९३ पासून, शेवटच्या फेऱ्या एप्रिलमध्ये ओहायोतल्या डेटनला. ए, ओपन आणि वर्ल्ड असे चढत्या क्रमाने वर्ग आहेत, आणि नवख्या गटाची जागा ए वर्गात. आमच्याकडे एका बाबांना ओपनचा शो हवा होता, कारण तो "इम्प्रेसिव्ह" वाटतो. परीक्षक मात्र मुलं प्रत्यक्षात जे साधतात त्याला गुण देतात.

शास्त्रीय आहे म्हणजे फुकट

ही समजूत इतकी पक्की आहे की शिकलेले लोकही तिच्यावर पैसे घालवतात. अमेरिकेत १९७८ पूर्वी प्रकाशित झालेली रचना, तिचा कॉपीराइट जिवंत राहिला असेल तर, ९५ वर्षांनी सार्वजनिक, म्हणजे कुणालाही वापरायला मोकळी, होते. होल्स्टने १९१४ ते १९१७ या काळात रचलेलं 'द प्लॅनेट्स' तिथे मोकळं आहे. ऑर्फचं 'कार्मिना बुराना' १९३७ चं, ते २०३२ संपेपर्यंत बंधनात आहे. दोन्ही सिनेमात आणि जाहिरातींत इतकी वाजतात की फरक कुणाला जाणवत नाही. आणि होल्स्ट मोकळा असला तरी अरेंजरने बँडसाठी केलेली मांडणी मोकळी नसते, ती अरेंजरची.

शो विकणाऱ्याकडे मूळ हक्कदाराची परवानगी आहे, की ती तुम्ही काढायची आहे? बऱ्याच वेळा ती फी वेगळी असते, दर शाळेला वेगळी द्यावी लागते, उत्तर यायला आठवडे लागतात, आणि उत्तर "नाही" असंही येतं. मे महिन्यात हे विचारलं तर वेळ असतो. सप्टेंबरमध्ये शोचा मधला तुकडा काढावा लागला तर त्याच्याबरोबर महिनाभर घोटवलेलं ड्रिलही जातं. व्हिडिओचा हक्क तर आणखी निराळा. मैदानावर वाजवायची परवानगी म्हणजे तो व्हिडिओ नेटवर टाकायची परवानगी नव्हे. आजोबांना नाशिकला लिंक पाठवावी आणि मधली दोन मिनिटं मुकी निघावीत, हे आमच्याच घरी घडलंय.

कुणीतरी बैठकीत २०२० चा न्यायालयाचा निकाल काढतं. कॅलिफोर्नियातल्या एका हायस्कूलच्या गायनगटाच्या बाजूने अपील न्यायालयाने न्याय्य वापर (फेअर यूज, म्हणजे परवानगीशिवाय चालणारा मर्यादित वापर) मान्य केला होता, हे खरं. पण तिथे प्रश्न एका गाण्यातून घेतलेल्या छोट्या तुकड्याचा होता. त्यावरून अख्ख्या शोला संरक्षण मिळेल असं धरून चालू नका.

लायसन्स शाळेच्या नावावर घ्या, बूस्टर क्लबच्या नको. आमचं क्लबच्या नावावर होतं, खजिनदार बदलला आणि कागद कुणाच्या मेलमध्ये आहे ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पार्टांच्या पीडीएफ शेजारच्या शाळेतल्या मैत्रिणीला पाठवणंही बंद करा, मग ती कितीही चांगली असो.

तोच शो दुसऱ्याकडेही

ऑक्टोबरमधली शनिवारची स्पर्धा. आमच्या आधी दोन बँड, त्यातल्या एकाने सुरुवात केली आणि आमच्या रांगेतल्या मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. तेच पहिलं पान. चूक कुणाची? आमचीच. आम्ही विचारलं नव्हतं. काही विक्रेते एका सीझनला एका राज्यात किंवा एका परिसरात एकाच बँडला शो देतात, काही अशी हमी देतच नाहीत, काही तिचे जास्त पैसे घेतात. उत्तर काहीही असो, लेखी घ्या.

आधीच घेतलाय आणि अडकलाय?

फाइलीपासून सुरुवात करा. नुसत्या पीडीएफ असतील तर पार्ट बदलणं म्हणजे पुन्हा टाइप करणं. ऑगस्ट २०२४ मध्ये फिनाले या स्वरलिपी लिहिण्याच्या सॉफ्टवेअरचा विकास थांबवल्याचं जाहीर झालं. हाती फक्त फिनालेच्या फाइली असतील तर विक्रेत्याकडे म्युझिकएक्सएमएल प्रकारातल्या फाइली मागून ठेवा. त्या सिबेलियस आणि डोरिको या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही उघडतात.

शो लांब होतोय, वेळमर्यादेत बसत नाही? कापायचं असेल तर ड्रिल लिहिण्याआधी कापा. ड्रिल मोजणीवर चालतं, आठ पावलांत पाच यार्ड. मधले सोळा ठोके काढले की पुढच्या प्रत्येक मुलाची जागा चुकते. ड्रिल आधीच शिकवून झालं असेल तर लय थोडी चढवून किती सेकंद सुटतात ते मोजा, किंवा एखादं पुन्हा येणारं वाक्य असं निवडा जिथे मुलं जागेवर उभी आहेत. तयार ड्रिल घेतलं असेल तर ते किती मुलांचं आहे तेही बघा. अठ्ठेचाळीसांसाठीच्या ड्रिलमध्ये एकेचाळीस उभी केली की वर्तुळाचे दात पडतात.

बेस ड्रमचं आमचं भोक आम्ही सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात बुजवलं. मी अरेंजरला थेट मेल केला: बार ४२ ते ५८, बार ९६ ते ११०, मुलं चार, त्यातलं एक नवीन. "शो अवघड जातोय, काही करता येईल का" असं लिहिलं असतं तर तो बिचारा काय करणार होता? दोन दिवसांत चौघांसाठी नव्याने वाटलेली पानं आली, पैसे मागितले नाहीत. खाली एक ओळ होती: जूनमध्ये विचारलं असतं तर तेव्हाच पाठवली असती.