बाहेरचा कॅमेरा उगाचच अलर्ट देतोय? या चुका टाळा

मोबाईल दिवसभर टुणटुण वाजतोय, उघडून बघावं तर फांदी हललीय, मांजर गेलंय नाहीतर नुसतीच ढगाची सावली सरकलीय. याने डोकं उठतं हे खरंच, पण त्याहून वाईट म्हणजे थोड्या दिवसांनी आपण अलर्ट न बघताच बाजूला सारायला लागतो, मग खराखुरा माणूस गेटवरून आत आला तरी तोही त्याच ढिगात जातो.

सगळ्यात पहिली चूक: थेट सेन्सिटिव्हिटी कमी करणं

जवळपास सगळे हेच करतात. अलर्ट जास्त येतायत ना, मग सेन्सिटिव्हिटी (किती बारीक हालचालीवर अलर्ट द्यायचा ते सेटिंग) कर कमी. अलर्ट कमी होतातही, पण त्याच्यासोबत माणूसही दिसेनासा होतो, विशेषतः रात्री आणि लांबून येणारा. सेन्सिटिव्हिटीला हात सगळ्यात शेवटी लावायचा. आधी जुन्या क्लिप उघडा आणि फक्त दोन गोष्टी बघा, वेळ काय आहे आणि फ्रेममध्ये नेमकं कुठे काय हललं. सगळे अलर्ट रात्रीचेच असतील तर किडे किंवा जाळं, वारा सुटल्यावर येत असतील तर झाड नाहीतर कॅमेऱ्याचा ढिला ब्रॅकेट (कॅमेरा स्वतःच हलला की अख्खं चित्र हलतं, स्क्रू आवळले की विषय संपला), आणि रोज संध्याकाळी ठराविक वेळेला एखादा येत असेल तर बहुतेक कॅमेरा डे मोडमधून नाइट मोडमध्ये जातोय, तेव्हा आतला फिल्टर सरकतो, बारीक टक् असा आवाज येतो आणि रंगीत चित्र एकदम काळंपांढरं होतं, ते कॅमेऱ्याला हालचालीसारखंच वाटतं.

आपला कॅमेरा हालचाल ओळखतो कशावरून हेच माहीत नसणं

बॅटरीवर चालणाऱ्या बऱ्याच कॅमेऱ्यांत पीआयआर सेन्सर असतो, तो उष्णतेतला फरक पकडतो. वायरवाले कॅमेरे बहुतेक वेळा आधीची फ्रेम आणि आताची फ्रेम यांची तुलना करतात. म्हणून दोघांचे त्रासही वेगळे. सावली, पाऊस, गाडीच्या हेडलाइटचा झोत भिंतीवरून फिरणं, याने फ्रेम तुलना करणारा फसतो. पीआयआरवाल्याला त्रास होतो तो एसीच्या बाहेरच्या युनिटमधून येणाऱ्या गरम हवेचा, एक्झॉस्टचा, इंजिन तापलेल्या गाडीचा.

पीआयआरची अजून एक गंमत, समोरून आडवं जाणारं माणूस त्याला पटकन कळतं, पण सरळ त्याच्याच दिशेने चालत येणारं उशिरा कळतं. त्यामुळे पायवाटेच्या टोकाला कॅमेरा लावून तो थेट वाटेकडे रोखण्यापेक्षा जरा बाजूला लावा, म्हणजे येणारा माणूस चित्रात आडवा जाईल. आणि असा कॅमेरा खिडकीच्या काचेमागे ठेवून बाहेरचं बघायला लावू नका, शरीराची उष्णता साध्या काचेतून त्या सेन्सरपर्यंत पोचतच नाही.

रस्ता आणि आभाळ फ्रेममध्ये घेणं

“सगळं दिसलं पाहिजे” या हट्टापायी कॅमेरा सरळ समोर बघत लावला जातो आणि अर्धी फ्रेम रस्त्याने जाते. साधारण 8 ते 10 फूट उंचीवर लावून थोडा खाली झुकवा, आपलं अंगण, दार, गेट दिसलं की बास. रस्त्यावरची प्रत्येक गाडी बघून करायचंय काय! शेजाऱ्यांच्या दारात डोकावणंही त्याने आपोआप टळतं.

रात्रीचे किडे आणि जाळी

याचा वैताग सगळ्यात जास्त. रात्री कॅमेरा स्वतःचा इन्फ्रारेड लाइट लावतो, तो लाइट लेन्सच्या अगदी शेजारी असतो आणि लेन्सपासून वीतभर अंतरावरून उडणारा चिलटाएवढा किडाही त्या उजेडात पांढराफटक, भलामोठा दिसतो. कोळ्याचं जाळं तर विचारूच नका, दिवसा नीट दिसणारही नाही असा एकच धागा रात्री जाड पांढऱ्या दोरीसारखा चमकतो आणि वाऱ्याने झोके घेत अलर्टवर अलर्ट देत बसतो. जाळं दिसलं की मऊ ब्रशने काढा, लेन्स मायक्रोफायबरने पुसा, पण किडे मारायचा स्प्रे थेट लेन्सवर मारू नका, कोटिंग खराब होऊ शकतं. तेवढ्याने भागत नसेल तर कॅमेऱ्यातला आयआर (इन्फ्रारेड लाइट) बंद करून वेगळा आयआर लाइट काही फूट लांब लावा, किडे चमकतील ते तिकडे, लेन्ससमोर नाही. कॅमेऱ्याला चिकटून भिंत किंवा छताची कड फ्रेममध्ये येत असेल तर तीही टाळा, आयआर तिथून परत येतो आणि बाकीचं चित्र अंधारं पडतं.

झोन आखला म्हणजे झालं असं समजणं

झोन, म्हणजे चित्रातल्या ज्या भागातल्या हालचालीवरच अलर्ट हवा तो भाग, जरूर आखा, पण तो सपाट चित्रावर असतो, जमिनीवर नाही. गेटच्या समोर फांदी येत असेल तर ती गेटच्या झोनमध्येच हलणार, तिथे कात्रीच चालवावी लागते. हेडलाइटचा उजेडही झोनच्या आत पडतोच. फ्रिगेटसारख्या (कॅमेऱ्याचं चित्र घेऊन त्यात माणूस, गाडी ओळखणाऱ्या) सॉफ्टवेअरमध्ये माणसाभोवती आखलेल्या चौकटीची खालची मधली जागा, म्हणजे साधारण पाय, झोनमध्ये आहे का ते बघितलं जातं, त्यामुळे तिथे झोन जमिनीवर आखायचा, डोक्याच्या उंचीवर नाही. आणि कोपऱ्यातली तारीख-वेळ! कॅमेऱ्याचं चित्र वेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये घेत असाल तर ते सेकंदाचे बदलणारे आकडेही हालचाल म्हणून मोजले जाऊ शकतात, तेवढा भाग मास्क करून टाका, म्हणजे तिथली हालचाल मोजलीच जाणार नाही.

रेकॉर्डिंग आणि नोटिफिकेशन एकच धरणं

माणूस ओळखायचं सेटिंग असेल तर नोटिफिकेशन फक्त माणसासाठी ठेवा, रेकॉर्डिंग मात्र सगळ्या हालचालीचं चालू राहू द्या, उद्या काही झालं तर मागे जाऊन बघता येतं. (बॅटरीवाल्यात हे जरा परवडत नाही, प्रत्येक क्लिप बॅटरी खाते.) हे ओळखणंही शंभर टक्के नसतं, दोरीवरचा शर्ट किंवा पुतळासुद्धा माणूस ठरू शकतो, आणि लांबचा खरा माणूस चित्रात अगदीच छोटा असेल तर सुटतो. एकच व्यक्ती अंगणात काम करतेय आणि दर मिनिटाला अलर्ट, असं होत असेल तर दोन अलर्टमधलं अंतर वाढवा.

बदल एका वेळी एकच करा, चार गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला ते कळणारच नाही. आणि प्रत्येक बदलानंतर स्वतः चालून बघा, एकदा दिवसा, एकदा पूर्ण अंधार पडल्यावर, गेटमधून सरळ आणि मग भिंतीच्या कडेकडेने हळूहळू. कडेने येताना अलर्ट आलाच नाही तर सेन्सिटिव्हिटी एक पायरी वर घ्या आणि पुन्हा चाला.