अर्थमितीचा पहिला कोर्स: अभ्यास कुठे करायचा आणि चुका कुठे होतात

अर्थमितीच्या, म्हणजे आकडेवारीतून आर्थिक संबंध मोजण्याच्या शास्त्राच्या, पहिल्या सत्रात विद्यार्थी अडखळतात ते बहुधा गणितामुळे नाही. बेरजेचं चिन्ह नीट हाताळता आलं आणि साधं कॅल्क्युलस येत असलं की बराचसा कोर्स निभावतो. खरी अडचण समीकरणाच्या शेवटी असते. वेतन = अ + ब × शिक्षण + यू, असं समीकरण फळ्यावर येतं. सगळ्यांचं लक्ष ‘ब’कडे, म्हणजे शिक्षणाच्या परिणामाकडे, जातं आणि ‘यू’कडे कोणी बघत नाही. पण या ‘यू’मध्ये, म्हणजे त्रुटीपदात, वेतनावर परिणाम करणाऱ्या आणि आपण समीकरणात न घेतलेल्या सगळ्या गोष्टी असतात: क्षमता, घरची परिस्थिती, तब्येत, नशीब. त्यांचा शिक्षणाशी संबंध असला तर ‘ब’चा अर्थच बदलतो. सत्रभर प्रत्येक मॉडेल समोर आलं की आधी विचारा, ‘यू’मध्ये काय आहे? उत्तर वहीत शब्दांत लिहा, निदान तीन गोष्टी. ही एक सवय लागली तर निम्मा कोर्स समजला म्हणायला हरकत नाही.

सत्र सुरू होण्याआधी

दोन आठवडे हाताशी असतील तर अर्थमितीचं पुस्तक उघडू नका, संख्याशास्त्राची उजळणी करा. अपेक्षित मूल्य, व्हेरियन्स, कोव्हेरियन्स, सशर्त अपेक्षित मूल्य, केंद्रीय सीमा प्रमेय, विश्वास-अंतराल आणि टी-चाचणी एवढं पक्कं हवं. त्यातही सशर्त अपेक्षित मूल्यावर जास्त वेळ द्या. ‘शिक्षण १२ वर्षं असलेल्यांचं सरासरी वेतन’ ही कल्पना जिथे पक्की बसते, तिथेच रिग्रेशन (एका चलाच्या किमतीवरून दुसऱ्याची सरासरी किंमत सांगणारं समीकरण बसवणं) म्हणजे काय हे कळतं. सोबत दोन बीजगणिती गोष्टी हातून सोडवून बघा. सरासरीपासूनच्या फरकांची बेरीज शून्य येते; आणि दोन चलांच्या बेरजेच्या व्हेरियन्समध्ये दुप्पट कोव्हेरियन्स येतो. पुढची बहुतेक सिद्धता याच दोन पायऱ्यांवर उभी असते.

एकदा तरी सगळं हाताने

सॉफ्टवेअरला हात लावण्यापूर्वी पाच निरीक्षणांचं एक रिग्रेशन कागदावर सोडवा. समजा एक्स आहे १, २, ३, ४, ५ आणि वाय आहे ३, ४, ८, ७, ८. सरासऱ्या ३ आणि ६. फरकांच्या गुणाकारांची बेरीज १३, एक्सच्या फरकांच्या वर्गांची बेरीज १०. म्हणून उतार १.३ आणि अंतःखंड ६ − ३.९ = २.१. अंदाजित किमती ३.४, ४.७, ६.०, ७.३, ८.६ येतात आणि शेषांक (वायची किंमत वजा अंदाजित किंमत) −०.४, −०.७, २.०, −०.३, −०.६.

इथे थांबून दोन पडताळण्या करा. शेषांकांची बेरीज शून्य. प्रत्येक शेषांकाला त्याच्या एक्सने गुणून केलेली बेरीजही शून्य. ही दुसरी शून्य बेरीज फार महत्त्वाची आहे. लघुतम वर्ग पद्धत (शेषांकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी ठेवणारी, वर वापरलेली रीत) शेषांक असेच बनवते की त्यांचा एक्सशी सहसंबंध उरतच नाही, मग खऱ्या ‘यू’चा एक्सशी कितीही संबंध असो. त्यामुळे ‘शेषांक आणि एक्स यांचा सहसंबंध शून्य आला, म्हणून ‘यू’चा एक्सशी संबंध नाही हे गृहीतक बरोबर आहे’ हे वाक्य चुकीचं आहे, आणि उत्तरपत्रिकांत ते दरवर्षी दिसतं. शेषांक मोजता येतो, ‘यू’ कधीच दिसत नाही. दोन्ही शब्द वहीत वेगळे ठेवा.

आता पुढे. शेषांकांच्या वर्गांची बेरीज ५.१, एकूण वर्गांची बेरीज २२, म्हणून आर-वर्ग (वायमधल्या चढउताराचा समीकरणाने समजावलेला वाटा) साधारण ०.७७. त्रुटीचा व्हेरियन्स काढताना ५.१ला ५ने नव्हे, ३ने भागायचं, कारण दोन सहगुणक (उतार आणि अंतःखंड) आपण याच माहितीतून काढले, उत्तर १.७. उताराची प्रमाण त्रुटी (नमुन्यागणिक उतार साधारण किती हलतो त्याचं माप) म्हणजे १.७ भागिले १० याचं वर्गमूळ, सुमारे ०.४१२. टी, म्हणजे उतार भागिले प्रमाण त्रुटी, येतो ३.१५. पाठ केलेल्या १.९६शी तुलना केली तर उतार शून्यापेक्षा वेगळा ठरतो. पण ३ स्वातंत्र्यमात्रांसाठी (५ निरीक्षणं वजा २ सहगुणक) ५ टक्के पातळीवरची दुबाजूंची सीमा ३.१८ आहे, आणि ३.१५ तिच्या किंचित खालीच राहतो. शून्य गृहीतक, म्हणजे खरा उतार शून्य आहे हे म्हणणं, नाकारता येत नाही. १.९६ हा आकडा मोठ्या नमुन्यासाठी आहे. कोष्टक बघायची सवय इथेच लावून घ्या.

गृहीतकं पाठ करू नका, त्यांची कामं वाटून घ्या

लघुतम वर्ग पद्धत कधी चांगली ठरते हे सांगणाऱ्या गाउस-मार्कोव्ह प्रमेयाची पाच गृहीतकं एका दमात म्हणून दाखवणारे पुष्कळ असतात. कोणतं कशासाठी लागतं हे विचारलं की मात्र गप्प होतात. मॉडेल सहगुणकांत रेषीय असणं, यादृच्छिक नमुना, एक्समध्ये फरक असणं (अनेक चलं असली तर त्यांच्यात तंतोतंत रेषीय नातं नसणं), आणि एक्स दिल्यावर ‘यू’चं अपेक्षित मूल्य शून्य असणं, या चारांवर अंदाज अनभिनत (सरासरीने खऱ्या किमतीवर बसणारा) राहतो. पाचवं, म्हणजे ‘यू’चा व्हेरियन्स सगळीकडे सारखा असणं, अभिनतीशी संबंधित नाही. ते मोडलं तरी सहगुणक ठीकच राहतात, नेहमीच्या सूत्राने काढलेली प्रमाण त्रुटी मात्र चुकते. हॅल्बर्ट व्हाइट यांनी १९८० साली मांडलेली रोबस्ट प्रमाण त्रुटी हा त्यावरचा रोजचा उपाय आहे. स्टेटा या सॉफ्टवेअरमध्ये रिग्रेशनच्या आदेशाला ‘रोबस्ट’ पर्याय जोडावा लागतो. आर या सॉफ्टवेअरमधलं साधं रेषीय मॉडेल ती स्वतःहून देत नाही, त्यासाठी ‘सँडविच’ पॅकेज घ्यावं लागतं. ‘यू’चं वितरण प्रसामान्य असणं या पाचांत नाहीच. ते छोट्या नमुन्यात टी-चाचणी तंतोतंत लागू व्हावी म्हणून वेगळं धरतात, वर पाच निरीक्षणांवर आपण धरलं तसं.

चौथं गृहीतक सगळ्यात नाजूक, आणि ते मोडलं की नमुना मोठा करून काही साधत नाही. हे पटायला एक तास काढून सिम्युलेशन करा. वाय = २ + ०.५ × एक्स + यू असा डेटा स्वतः बनवा, १०० निरीक्षणांचा, १००० वेळा. दर वेळी उतार नोंदवा. उतारांचा आलेख ०.५भोवती जमेल आणि सुमारे ९५० विश्वास-अंतरालांत ०.५ सापडेल. ९५ टक्क्यांचा अर्थ हाच. आता एक बदल करा: एक्स = झेड + यू असा बनवा, झेड आणि यू एकमेकांपासून स्वतंत्र आणि दोघांचा व्हेरियन्स १. उतार ०.५ऐवजी १.०भोवती जमेल, कारण यू आणि एक्स यांचा कोव्हेरियन्स १, एक्सचा व्हेरियन्स २, म्हणजे ०.५ची भर. निरीक्षणं १००वरून १०,००० करा. आलेख अरुंद होईल, पण १.०भोवतीच. चुकीच्या उत्तराबद्दलची खात्री तेवढी वाढली.

वगळलेल्या चलाच्या अभिनतीचं सूत्र म्हणजे हेच चित्र. अभिनती = वगळलेल्या चलाचा वायवरचा परिणाम × त्या चलाचं एक्सवर रिग्रेशन केल्यावर येणारा उतार. क्षमता वेतन वाढवते आणि जास्त शिकलेल्यांत ती जास्त असते असं धरलं, तर अधिक गुणिले अधिक, म्हणजे शिक्षणाचा परिणाम फुगून दिसतो. परीक्षेत आकडा क्वचितच मागतात, चिन्ह आणि त्यामागचं कारण मागतात. दोन्ही अंगांची चिन्हं वेगवेगळी लिहून मगच गुणाकार करा.

याचा अर्थ दिसेल ते चल समीकरणात कोंबावं असाही नाही. शिक्षणाचा वेतनावरचा परिणाम मोजताना व्यवसाय हे चल घातलं, तर शिक्षणामुळे चांगला व्यवसाय मिळाला हा परिणामाचाच एक भाग आपण कापून टाकतो. उलट, दोन चलं एकमेकांशी खूप जोडलेली आहेत म्हणून एक काढून टाकणं हीसुद्धा घाईच. बहुसंरेखतेने, म्हणजे चलांच्या अशा जोडलेपणाने, प्रमाण त्रुटी वाढते, अभिनती येत नाही. चल काढलं तर अभिनती परत येऊ शकते.

सहगुणक वाचताना

वेतनाचा लॉग घेतला आणि शिक्षणाचा सहगुणक ०.०८ आला, तर एक वर्ष शिक्षणामागे वेतन सुमारे ८ टक्के जास्त. हा अंदाज लहान आकड्यांपुरताच चालतो. सहगुणक ०.४० असेल तर खरा फरक सुमारे ४९ टक्के असतो, तिथे घातांक घेऊनच काढा. दोन्ही बाजूंना लॉग असेल तर सहगुणक म्हणजे लवचिकता (एक्स १ टक्का वाढला तर वाय किती टक्के बदलतो). वायची किंमत ० किंवा १ असेल, तर सहगुणक टक्केबिंदूंत वाचायचा, टक्क्यांत नव्हे.

अनुभव आणि अनुभवाचा वर्ग दोन्ही असतील तर एकट्या अनुभवाचा सहगुणक वाचू नका. ०.३० आणि −०.००६ असे सहगुणक असले तर वळणबिंदू ०.३० भागिले ०.०१२, म्हणजे २५ वर्षांवर. तीन विभाग असतील तर अंतःखंडासोबत डमी (फक्त ० किंवा १ किंमत घेणारी चलं) दोनच. तीन घातल्या तर सॉफ्टवेअर बहुधा एक गाळतं. ती कोणती, हे बघितल्याशिवाय बाकीच्या दोन कशाशी तुलना करतात ते कळणार नाही.

पी-मूल्य म्हणजे शून्य गृहीतक खरं असण्याची शक्यता नव्हे. ते खरं धरलं तर इतका किंवा याहून टोकाचा आकडा येण्याची ती शक्यता. आर-वर्ग कमी आला म्हणून घाबरू नका. व्यक्तींच्या डेटात तो कमीच असतो, आणि कार्यकारणाबद्दल तो काहीच सांगत नाही.

आठवड्याचं काम आणि प्रकल्प

व्याख्यानाच्या दर तासामागे दोन तास स्वतःचं काम धरा, त्यातला निम्मा वेळ सॉफ्टवेअरवर. आर आणि ग्रेटल मोफत आहेत. कोर्स जे वापरतो तेच घ्या, दोन एकदम शिकू नका. प्रत्येक आदेश फाइलमध्ये लिहा, माउसने काम उरकलं तर तीन आठवड्यांनी काय केलं ते आठवत नाही. फ्रिश आणि वॉ यांचा १९३३चा निष्कर्ष एकदा स्वतः करून बघा: शिक्षणाचं वयावर रिग्रेशन करून शेषांक घ्या आणि वेतनाचं त्या शेषांकावर रिग्रेशन करा. सहगुणक तोच येतो, जो वय आणि शिक्षण एकत्र घातल्यावर शिक्षणाचा येतो. ‘वय स्थिर ठेवून’ या शब्दांचा अर्थ यानंतर वेगळा सांगावा लागत नाही.

प्रकल्पात निम्म्याहून जास्त वेळ डेटा साफ करण्यात जातो. रिग्रेशनआधी प्रत्येक चलाची किमान, कमाल आणि सरासरी बघा. वय ९९९ दिसलं तर तो ‘उत्तर नाही’चा संकेतांक असतो. शून्य उत्पन्नाचा लॉग निघत नाही, स्टेटा अशा ओळी मुकाट्याने वगळतं. कालश्रेणी (एकाच गोष्टीची वेळोवेळची नोंद) घेत असाल तर जास्त जपा: ग्रँजर आणि न्यूबोल्ड यांनी १९७४ मध्ये दाखवलं की एकमेकांशी काहीही संबंध नसलेल्या, मनमानी भटकणाऱ्या दोन मालिकांचं रिग्रेशन केलं तरी टी-मूल्य वारंवार मोठं येतं. अशा वेळी आधी पातळीऐवजी लागोपाठच्या किमतींतला फरक घेऊन बघा.

अहवालाच्या तक्त्यात सहगुणकाखाली कंसात प्रमाण त्रुटी द्या, ती कोणत्या प्रकारची हे तळाशी लिहा आणि प्रत्येक स्तंभात निरीक्षणांची संख्या द्या. पहिल्या स्तंभात ४,२०० आणि तिसऱ्यात ३,१०० निरीक्षणं असतील, तर सहगुणक बदलला तो नव्या चलामुळे की गळालेल्या १,१०० लोकांमुळे, हे कोणालाच सांगता येणार नाही. तिन्ही स्तंभ त्याच ३,१०० निरीक्षणांवर पुन्हा चालवा.