पिचिंगनंतर कोपर दुखतंय? या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची बहुतेक पोरं बेसबॉलकडे येतात ती क्रिकेटमधूनच. हातात वेग असतो, म्हणून लगेच पिचर, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकणारा, करून टाकतात. घोळ इथंच होतो. गोलंदाजीत कोपर जवळपास सरळ राहतं. पिचिंगमध्ये ते काटकोनात वाकून एका झटक्यात सरळ होतं आणि कोपराच्या आतल्या बाजूचं लिगामेंट ताणलं जातं. बेसबॉल 142 ते 149 ग्रॅमचा, क्रिकेटच्या सीझन बॉलपेक्षा हलका, पण त्यानं धोका कमी होत नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे पुढचा पाय टेकायच्या आधीच छाती फिरवणं. मग कंबरेचा जोर मागं राहतो आणि सगळं ओझं हातावर येतं. तिसऱ्या बेसच्या बाजूनं (फलंदाजाकडे तोंड केलेल्या पिचरच्या उजवीकडून) मोबाइलवर स्लो मोशन घ्या आणि पाय टेकतो तिथं चित्र थांबवा. पिचर उजव्या हाताचा असेल तर छाती अजून तिसऱ्या बेसकडेच हवी, कोपर खांद्याच्या रेषेत आणि हात वर आलेला. कोपर खाली लोंबत असेल तर हात उशिरा निघतोय; वेग कमी करून आधी तेच सुधारा. पुढचं पाऊल स्वतःच्या उंचीच्या 80 ते 90 टक्के अंतरावर पडावं, लहान पोरांचं थोडं कमी चालेल. ते पहिल्या बेसकडे, म्हणजे डावीकडे, सरकून पडलं की छाती आपोआप लवकर उघडते.

कधी दोष पोराचा नसतोच, माउंडचा, म्हणजे पिचर उभा राहतो त्या मातीच्या उंचवट्याचा, असतो. आपल्या लाल मातीत पुढच्या पायाखाली दहा-बारा चेंडूंत खड्डा पडतो, पाय घसरतो आणि हात तोल सावरायला धावतो. खड्डा भरा, पाणी मारा, धुम्मसनं ठोका. तेवढं जमत नसेल तर सपाट जमिनीवरच सराव बरा.

मोजणीत तर सगळेच फसतात. लिटल लीग या मुलांच्या बेसबॉल संघटनेच्या नियमात 11-12 वर्षांना दिवसाला 85 आणि 13 ते 16 वर्षांना 95 पिच (फेकलेले चेंडू) ही कमाल मर्यादा आहे. 14 वर्षांपर्यंतच्या पोरानं 66 किंवा जास्त टाकले तर चार दिवस विश्रांती. आपल्याकडे सकाळी पिचिंग आणि संध्याकाळी टेनिस बॉलची मॅच. ती षटकं, बाउंड्रीवरून मारलेले थ्रो कुणी धरतच नाही, पण कोपर सगळं धरतं. पिचरला त्याच दिवशी कॅचरही (फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा) करू नका.

खांद्याच्या मागचा जडपणा एक-दोन दिवसांत जातो. कोपराच्या आतल्या बाजूला बोट दाबल्यावर कळ आली किंवा करंगळीला मुंग्या आल्या, तर त्याच क्षणी थांबा. वाढत्या वयात तिथली हाडाची वाढपट्टी कच्ची असते. स्प्रे मारून किंवा गोळी देऊन खेळवणं हा शुद्ध मूर्खपणा. हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. त्यांनी परवानगी दिल्यावर सुरुवात 10-15 मीटरवरून, सपाट जमिनीवर, हलक्या हातानं. माउंड सगळ्यात शेवटी.