गोधडी शिवायला घेण्याआधी

नोकरी, घर आणि पोरांच्या परीक्षा सांभाळून गोधडी शिवायची म्हटलं की संध्याकाळचा अर्धा तास हाती लागतो. त्यातली वीस मिनिटं सुई कुठंय, कात्री कुणी नेली, ती जांभळी पट्टी कुठल्या पिशवीत होती, यात जातात. उरलेल्या दहा मिनिटांत काय टाके पडणार? म्हणून बसल्यावर फक्त टाका घालायचं काम उरेल एवढी तयारी आधी, एखाद्या सुट्टीच्या दिवशी उरकून टाकावी.

पहिलं काम कापडाचं. घरातल्या जुन्या साड्या, धोतरं, चादरी सगळं बाहेर काढा आणि सुती तेवढंच वेगळं करा. शंका आली तर कडेचा एक दोरा ओढून जाळून बघा. सुती दोऱ्याची कागदासारखी राख होते, पॉलिएस्टरची वितळून कडक गाठ होते. पॉलिएस्टर गोधडीत घालू नये असं माझं ठाम मत आहे. ते सुईखाली सरकतं, घाम टिपत नाही, आणि बाकीची गोधडी धुऊन धुऊन मऊ होत गेली तरी ते आपलं तसंच राहतं. मग प्रत्येक कापड उजेडासमोर धरा. जिथे विरलंय तिथून उजेड जास्त येतो. तेवढा भाग आतल्या थरात चालेल, वर नको.

साडीचा फॉल आत्ताच उसवा, नंतर कंटाळा येतो. फॉल काढला की त्याच्याखालची पट्टी बघा. बाकीची साडी धुऊन उन्हात वाळून फिकी झालेली असते आणि तिथला रंग मात्र दुकानातून आणला तेव्हाचा. एकाच साडीत दोन छटा फुकट मिळतात, त्या शेजारी शेजारी लावायला मस्त दिसतात. हूक, बटणं, चुण्यांची जाड शिवण काढून टाका. लाल, मरून आणि गडद निळ्या कापडावर ओला पांढरा रुमाल घासून बघा. रुमालाला रंग लागला तर ते कापड रंग जाईपर्यंत वेगळं धुवा, आणि तरीही जात राहिला तर सोडून द्या. सगळं धुऊन, वाळवून, इस्त्री करून ठेवा.

आता माप. नऊवार लुगडं म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर. त्याची लांबीत चार पदरी घडी घातली की दोन मीटरला थोडं जास्त लांब आणि लुगड्याच्या पन्ह्याएवढं रुंद असं चार थरांचं अस्तर तयार होतं. एका माणसाला पुरेल इतकी गोधडी एका लुगड्यात बसते, वर ठिगळांचा किंवा चांगल्या साडीचा एक थर आला की झालं. पाचवारी असेल तर तीन पदरीच घडी घाला. बाळाच्या दुपट्याला दोन-तीन मऊ थर पुष्कळ. थर किती ते आधीच ठरवा, कारण सहाच्या पुढे गेलात की सुई ओढताना बोटांची साल निघते आणि काम कपाटावर जाऊन बसतं.

दोऱ्याचा हिशोब फार कमी जण करतात. चार फूट बाय सहा फूट गोधडीवर अर्ध्या इंचावर धावदोऱ्याच्या ओळी घालायच्या तर शहाण्णव ओळी होतात, प्रत्येक सहा फुटांची. म्हणजे पावणेदोनशे मीटर. सुरुवात-शेवट आणि वाया जाणारी टोकं धरून दोनशे. अँकर कंपनीच्या भरतकामाच्या दोऱ्याच्या लडीत आठ मीटर सहापदरी दोरा असतो. तीन पदर वापरले तर एका लडीचे सोळा मीटर, म्हणून तेरा लड्या. त्या एकदमच घ्या, कारण तोच नंबर पुढच्या वेळी किंचित वेगळ्या छटेचा मिळू शकतो. ओळी इंचावर घेतल्या तर दोरा निम्माच लागेल. लांब, मोठ्या नेढ्याच्या सुया आणि धातूचं अंगुस्तान पुण्यात तुळशीबागेत सहज मिळतं. रविवारी बसून आठ-दहा सुया ओवून ठेवल्या तर आठवडाभर चष्मा शोधावा लागत नाही. दोरा दीड हातापेक्षा लांब घेऊ नका, गुंता होतो.

सगळ्यात मोठा दिवस टाचणाचा, म्हणजे सगळे थर कच्च्या दोऱ्याने एकत्र धरून ठेवण्याचा. मोकळी फरशी हवी, पंखा बंद हवा आणि दुसऱ्या टोकाला धरायला कुणीतरी हवं. सगळ्यात खालचं कापड चारही बाजूंनी दोन इंच मोठं ठेवा, कडा उलटून आत घ्यायला. त्यावर एकेक थर पसरत हाताने मधून कडेकडे सारखा करत जा. कच्चा दोराही मधूनच सुरू करून वीत-वीत अंतरावर घाला. हे नीट झालं की पुढे महिनाभर लक्ष नाही दिलं तरी थर हलत नाहीत. घडी घालून ठेवा, उलगडा, दोन ओळी घाला, परत ठेवा. थर नुसत्या सेफ्टी पिनांवर सोडू नका, त्या घडी घालताना टोचतात आणि जुन्या कापडाला भोकं पाडतात.

ठिगळं रंगांप्रमाणे वेगवेगळ्या पारदर्शक पिशव्यांत ठेवा. काठ आणि पदर एका पिशवीत, खणाचे तुकडे दुसरीत. वरचा थर मांडून झाला की मोबाइलवर फोटो काढून तो कृष्णधवल करून बघा. रंग वेगळे असूनही सगळी ठिगळं सारखीच करडी दिसली तर मांडणी बदला, उजळ-गडद फरक हवाच. कल्पना सुचत नसतील तर पिंटरेस्टवर तासभर घालवण्यापेक्षा कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी, म्हणजे मूळ आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या, बायकांच्या कवंदी (त्यांच्या गोधड्या) बघा. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागात त्या कोपऱ्यापासून सुरुवात करून कडेकडेने ठिगळं लावत फिरत फिरत मध्यापर्यंत जातात, आणि चारही कोपऱ्यांना घडी घातलेल्या चिंध्यांची ‘फुलां’ लावतात. आख्खा नमुना आधी ठरवावा लागत नाही, पुढचं ठिगळ आधीचं बघून निवडायचं. ज्यांना एका बैठकीत फार विचार करायला सवड नाही त्यांच्यासाठी याहून सोयीची पद्धत मला माहीत नाही.

लोकलमध्ये किंवा बसमध्ये न्यायला वेगळी छोटी पिशवी करा. त्यात फक्त ठिगळांची जोडकामं, एक रीळ, छोटी कात्री. मोठी गोधडी घरीच राहू दे. काम कधी संपवायचं तेही पंचांग बघून ठरवा, म्हणजे पावसाळा लागायच्या आत पहिली धुलाई व्हायला हवी. इतके थर जूनमध्ये दोन दिवसांत वाळत नाहीत आणि वास धरतात. घरात रांगतं मूल असेल तर आणखी एक. काम आवरताना डबीतल्या सुया मोजा, बसताना होत्या तेवढ्या भरल्याशिवाय गोधडीची घडी घालू नका.