माशांच्या खाद्यात लसूण-हळद मिसळताय? या चुका टाळा

मासे निरोगी राहावेत म्हणून रोहू-कटलाच्या खाद्यात लसूण, हळद घालणारे बरेच शेततळेवाले पंधरा दिवसांनी म्हणतात, "काही फरक नाही हो." हळद-लसणात खोट नसते, चूक बहुतेक वेळा कालवताना झालेली असते.

ग्लासभर पाण्यात तुमच्या खाद्याच्या चार-पाच गोळ्या टाकून पाहा. दोन मिनिटांत पाणी पिवळं झालं, तर हळद माशाच्या नाही, तळ्याच्या पोटात चालली आहे. कोरड्या गोळ्यांवर (पेलेटवर) नुसती पूड भुरभुरली की हेच होतं. हळदीतलं कुरकुमीन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतं. म्हणून हळद आधी थोड्या खाद्यतेलात कालवा, मग गोळ्यांना चोळा. वाळवायचं ते सावलीत, कारण उजेडात कुरकुमीन खराब होतं.

लसणाची तऱ्हा वेगळी. ज्याच्यासाठी आपण तो घालतो ते ॲलिसिन अख्ख्या पाकळीत नसतंच. पाकळी ठेचल्यावर तयार होतं आणि उष्णतेने उडून जातं. लसणाचा काढा उकळून खाद्यावर ओतणं म्हणजे नुसता गॅस जाळणं. ठेचा, दहा मिनिटं तसाच ठेवा, मग मिसळा. घरीच खाद्य शिजवत असाल तर ते पूर्ण थंड झाल्यावर. आणि रोजचं रोज करा. ओलसर खाद्य पोत्यात राहिलं की बुरशी धरते.

मात्रा अंदाजपंचे नको. 200 ग्रॅमचे 1000 मासे म्हणजे 200 किलो वजन. रोज 2 टक्के खाद्य धरलं तर 4 किलो. त्यात 1 टक्का लसूण म्हणजे फक्त 40 ग्रॅम! विकतचा अर्क याच मापाने घालू नका, तो पुडीपेक्षा कितीतरी तीव्र असतो. पाकिटावरची मात्रा वाचा.

"झाडपालाच आहे, जास्त झाला तर काय होतंय?" असं वाटत असेल तर मोहाची पेंड आठवा. मत्स्यबीज (माशांची पिल्लं) सोडण्याआधी तळ्यातले नको असलेले मासे मारायला ती हेक्टरी सुमारे 2500 किलो टाकतात, आणि मारतं ते तिच्यातलं सॅपोनिन हे माशांना विषारी द्रव्य. खाद्यात शेवग्याचा पाला घालत असाल, तर थोडं सॅपोनिन त्यातही असतं. मासे गोळी तोंडात घेऊन थुंकायला लागले की प्रमाण कमी करा.

पहाटे मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करत असतील तर लसणाचा काही उपयोग नाही, ती प्राणवायूची ओरड आहे. त्या दिवशी खाद्य बंद, एअरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) चालू, जमलं तर ताजं पाणी.

अंगावर लाल चट्टे दिसल्यावर लसूण वाढवणारेही भेटतात. पण आजारी मासा आधी खाणं सोडतो, मग खाद्यातला लसूण त्याच्यापर्यंत पोचणार कसा? असा एखादा जिवंत मासा तळ्याच्याच पाण्यात घालून जवळच्या मत्स्य महाविद्यालयात दाखवा. नागपूर, उदगीर, रत्नागिरीला ती आहेत. सोबत पाण्याची बाटली वेगळी न्या.