अंगदुखीवर ‘भारीतली गोळी’ मागण्याआधी या चुका टाळा

आषाढात बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात भाताची रोपलावणी सुरू झाली की आमच्या औषधांच्या दुकानात दिवसभर एकच मागणी असते: ‘अंग मोडून आलंय, भारीतली गोळी द्या की.’ ताप आहे का, दुखणे कधीपासूनचे आहे, आधी कोणते औषध चालू आहे, एवढे विचारले तरी समोरच्याच्या कपाळाला आठी पडते, कारण बहुतेकांना दुखण्याचे कारण नको असते, संध्याकाळपर्यंत उतार हवा असतो.

सवय नसलेले काम अंगावर पडल्याने स्नायू दुखतात, तेव्हा ते दुखणे बहुधा दुसऱ्या दिवशी सुरू होते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त जाणवते आणि आठवड्याच्या आत आपोआप ओसरते. नेमके तिसऱ्या दिवशी लोक सुई टोचून घेतात आणि चौथ्या दिवशी बरे वाटले की त्याचे सारे श्रेय त्या सुईला देतात. अशा वेळी मी शेक, भरपूर पाणी, हलके चालणे आणि फारच झाले तर साधी पॅरासिटामॉल एवढेच सुचवते. काहींना हा सल्ला इतका फुकटचा वाटतो की ते सरळ शेजारच्या दुकानात जातात.

मला सर्वांत जास्त चीड येते ती पुडीची. कागदात गुंडाळलेल्या, नाव नसलेल्या तीन-चार सुट्या गोळ्यांत बहुधा एक वेदनाशामक असते, एक पित्ताची असते आणि पुष्कळदा एक बारीक गोळी स्टेरॉइडची निघते. ओळखीतल्या एका ऊसवाल्या काकांनी गुडघेदुखीसाठी अशा पुड्या महिनोन्‌महिने घेतल्या. त्यांचा चेहरा गोल झाला, तेव्हा गावाने ‘तब्येत सुधारली’ म्हणून कौतुक केले. मात्र हातपाय काटकुळे होत होते, थोडे खरचटले तरी काळेनिळे पडत होते आणि रक्तातली साखर वाढली होती. पुढे कोणीतरी घाबरवल्यावर घरच्यांनी उरलेल्या सगळ्या पुड्या एका दिवसात उकिरड्यावर फेकल्या आणि ही दुसरी चूक पहिलीपेक्षा महाग पडली. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिले की मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी स्वतःचे कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचे नैसर्गिक स्टेरॉइड, बनवणे कमी करतात आणि औषध अचानक तोडले तर त्या लगेच जाग्या होत नाहीत. काकांना उलट्या सुरू झाल्या, रक्तदाब खाली गेला आणि उभे राहिले की भोवळ येऊ लागली, म्हणून त्यांना तातडीने बेळगावला हलवावे लागले. तेथे डॉक्टरांनी तेच औषध पुन्हा सुरू करून मात्रा हळूहळू उतरवत नेली.

म्हणून नाव छापलेली गोळ्यांची पट्टी (स्ट्रिप) आणि बिल यांशिवाय गोळी घेऊ नये. पट्टीवरचे इंग्रजी वाचता येत नसेल तर घरातल्या शाळकरी पोराकडून वाचून घ्यावे. त्यावर प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन किंवा बीटामेथासोन असे नाव असेल तर ते स्टेरॉइड आहे. पुडी पुष्कळ दिवस चालू असेल तर ती फेकू नये, बंदही करू नये, तशीच डॉक्टरांसमोर ठेवावी. मी स्वतः प्रत्येक पट्टीच्या मागे पेनाने ‘कशासाठी, जेवणानंतर, किती दिवस’ असे मराठीत लिहून देते. घाई असलेल्यांना तो अर्धा मिनिटही जड जातो.

पावसाळ्यात तापासह अंग दुखत असेल तर डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन यांना हात लावू नये, कारण ताप डेंग्यूचा निघाला तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. तपासणी होईपर्यंत पॅरासिटामॉल पुरते, तीही मोठ्या माणसाला चोवीस तासांत 4 ग्रॅमच्या वर कधीही नको, आणि यकृताचा त्रास किंवा दारूची सवय असेल तर त्याहून बरीच कमी. सर्दीच्या गोळ्यांतही बहुधा तीच असते, हे हिशेबात धरावे. चिखलात उघड्या पायांनी काम केलेल्या माणसाला तापासोबत पोटऱ्यांत कळा येत असतील आणि डोळे लाल झाले असतील तर लेप्टोस्पायरोसिसची, म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित चिखल-पाण्यातून होणाऱ्या जंतुसंसर्गाची, शंका घ्यावी. त्यावर प्रतिजैविक जितके लवकर सुरू होईल तितके बरे. काजूच्या हंगामात गोवा-सिंधुदुर्गाच्या रानात जाऊन आलेल्यांनी तर गोचीड चावल्याचे डॉक्टरांना आपणहून सांगावे, कारण 1957 साली शिवमोग्ग्याकडे प्रथम ओळखला गेलेला माकडताप तिकडेही आढळला आहे आणि त्यात अंग फार ठणकते.

ताज्या मुरगळीवर जोर लावून तेल चोळू नये. पहिले दोन दिवस कापडात गुंडाळलेला बर्फ लावावा. साध्या कंबरदुखीसाठी आठवडाभर अंथरूण धरू नये, त्याने कंबर अधिकच आखडते. रक्तदाबाची किंवा मूत्रपिंडाची औषधे चालू असतील तर वेदनाशामक मनाने घेऊ नये. कोलेस्टेरॉलची गोळी सुरू झाल्यावर स्नायू दुखू लागले तर डॉक्टरांना कळवावे आणि लघवी चहासारखी गडद झाली तर त्याच दिवशी गाठावे. महिनोन्‌महिने अंग दुखत असताना टॉनिकच्या बाटल्या रिचवण्यापेक्षा थायरॉइड आणि ड जीवनसत्त्व तपासून घेणे स्वस्त पडते.

कंबरदुखीसोबत पायातली शक्ती गेली, मांड्यांच्या आतला भाग बधिर झाला किंवा लघवी अडली, तर मात्र गोळीसाठी आमच्या दुकानात येण्यात वेळ घालवू नये. गाडी काढून थेट मोठे रुग्णालय गाठावे, रात्र असली तरी.