आयुष्याचा प्रवास आखताना या चुका टाळा

तिशी उलटली त्या वर्षी मी एक जाड वही आणली आणि दोन रविवार बसून पुढच्या वीस वर्षांचा आराखडा लिहून काढला. पट्टीनं रकाने आखले. प्रत्येक वर्षासमोर एकेक गोष्ट: बढती, स्वतःचं घर, कर्जफेड, मुलीचं शिक्षण, म्हातारपणाची पुंजी. लिहून झालं तेव्हा फार मोकळं वाटलं. आठ वर्षांनी कपाट आवरताना तीच वही हाताला लागली. निम्म्याहून जास्त गोष्टींपुढे बरोबरची खूण करता आली. पण त्या आठ वर्षांतलं मनापासून आठवावं असं काही शोधायला गेले, तर फारसं सापडेना. आराखडा फसला नव्हता. त्यात मुक्काम होते, रस्ताच नव्हता.

तेव्हापासून मी आराखडा दरवर्षी नव्यानं लिहिते. माझं आणि माझ्या जवळच्या माणसांचं गाडं जिथे जिथे अडलं, त्या जागा इथे सांगते आहे.

मुक्काम लिहिला, मंगळवार राहिला

ही सगळ्यात महागात पडणारी चूक, म्हणून आधी हीच. आयुष्य ८० वर्षांचं धरलं तर त्यात साधारण ४,१७० मंगळवार येतात. निकालाचा दिवस, घराची किल्ली हातात पडते तो दिवस, बढतीचं पत्र मिळतं तो दिवस, असे मोठे दिवस सगळे मिळून शंभर भरले तरी पुष्कळ. बाकी सगळे साधेच. आराखडा मात्र आपण त्या शंभर दिवसांचा करतो आणि साधे दिवस आपोआप नीट जातील असं धरून चालतो.

ही चूक झाली आहे हे कसं ओळखायचं? ठरवलेलं सगळं होतंय, तरी रविवारी संध्याकाळी पोटात गोळा येतो.

यावर माझा एकच उपाय आहे आणि तो मी कितीतरी जणांना करायला लावला आहे. कोणतंही ध्येय वहीत लिहिण्याआधी, त्या वाटेवरचा एक साधा मंगळवार तासातासानं लिहून काढायचा. उठल्यापासून झोपेपर्यंत. माझ्या एका मैत्रिणीला नोकरी सोडून स्वतःचा डिझाइनचा व्यवसाय सुरू करायचा होता. तिनं मंगळवार लिहिला: थकलेल्या पैशांसाठी फोन दोन तास, हिशेब एक तास, छपाईवाल्याशी वाद, नव्या गिऱ्हाइकाची भेट, आणि प्रत्यक्ष डिझाइन दीड तास. तो कागद ती बराच वेळ बघत बसली. तिला चित्रं काढायची होती, धंदा चालवायचा नव्हता. तिनं नोकरी ठेवली आणि तिथली देखरेखीची जबाबदारी सोडून पुन्हा हातानं काम करण्याची जागा मागून घेतली. पगार थोडा कमी झाला. मंगळवार मात्र तिचा झाला.

‘एकदा का’ची वाट बघणं

एकदा का कर्ज फिटलं की. एकदा का मुलं मार्गी लागली की. माझ्या बाबांचं ‘एकदा का निवृत्त झालो की’ होतं. त्यांना जलरंग फार आवडायचे. चाळिशीत त्यांनी चांगल्यातल्या रंगांची पेटी घेतली आणि निवृत्तीनंतरसाठी जपून ठेवली. वीसेक वर्षांनी ती उघडली तेव्हा नळ्या दगडासारख्या झाल्या होत्या. एक नळी त्यांनी दाबून पाहिली, ती कडेनं फाटली आणि आतून निळा खडा निघाला. बाबा काहीच बोलले नाहीत. पेटी पुन्हा बंद केली. तो खडा आजही माझ्या टेबलाच्या खणात आहे.

दुरून डोंगर साजरे हे आपल्याला ठाऊक असतं, तरी आपण सगळं सुख डोंगरावर नेऊन ठेवतो. सहलींबद्दलचा एक अभ्यास मला इथे फार उपयोगी वाटतो. नेदरलँड्समधल्या १,५३० प्रौढांची पाहणी करून २०१० साली तो प्रसिद्ध झाला. सहलीला जाणारी माणसं न जाणाऱ्यांपेक्षा जास्त आनंदी होती, पण निघण्याच्या आधी. परत आल्यावर दोघांत फरक दिसला नाही. अपवाद फक्त ज्यांची सहल अगदी निवांत गेली त्यांचा. म्हणजे वाट बघण्यातही खरं सुख आहे. मग एकाच मोठ्या गोष्टीची वीस वर्षं वाट कशाला बघायची? लहान लहान गोष्टी दोन-दोन महिन्यांवर पेरून ठेवा. आणि ‘नंतर’च्या यादीतल्या प्रत्येक गोष्टीचा एक छोटा तुकडा याच महिन्यात करा. सगळं चित्र निवृत्तीनंतर काढा हवं तर, पण रंग आज ओले होऊ द्या.

वेळ कमी धरणं

डॅनियल कानेमान आणि एमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली या चुकीला नाव दिलं; मराठीत आपण तिला नियोजनाचा भ्रम म्हणू. आपलं काम किती वेळात होईल याचा अंदाज माणूस सवयीनं कमी धरतो, आधीची कामं लांबलेली डोळ्यांनी पाहिलेली असूनही. १९९४ सालच्या एका अभ्यासात प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना अंदाज विचारला. सरासरी उत्तर आलं ३३.९ दिवस. सगळंच बिनसलं तर किती लागतील, याचं उत्तर ४८.६. प्रत्यक्षात लागले ५५.५. सगळं बिनसण्याचा अंदाजही अपुराच पडला.

त्यामुळे ‘पाच वर्षांत करू’ असं लिहिलंत आणि सातवं वर्ष उजाडलं, तर स्वतःला आळशी ठरवू नका. चूक बहुतेक अंदाजात असते. पुढच्या वेळी ‘मला किती लागतील?’ असं विचारू नका. ‘असंच काम याआधी मला, किंवा माझ्यासारख्या दुसऱ्या कुणाला, किती दिवसांत झालं?’ हे विचारा आणि आलेला आकडा न घासता लिहा.

नेम अचूक लागेल असं धरणं

दक्षिण ध्रुवावर सर्वांत आधी, १४ डिसेंबर १९११ रोजी, पोचलेल्या रोआल्ड आमुंडसेनची एक गोष्ट मला ध्रुव जिंकण्याइतकीच मोठी वाटते. परतीच्या वाटेसाठी त्यानं बर्फात अन्नाचे साठे करून ठेवले होते. पांढऱ्या, सपाट, धुक्यात बुडालेल्या त्या मुलखात साठा नेमका सापडणं कठीण. म्हणून त्यानं साठ्याच्या दोन्ही बाजूंना, वाटेला आडवी, झेंड्यांची लांबच लांब रांग लावली. झेंड्यांवर खुणा होत्या. माणूस वाट चुकून बाजूला गेला तरी एखादा झेंडा दिसावा आणि साठा कोणत्या बाजूला, किती लांब आहे ते कळावं. आपण चुकणार हे त्यानं आखणीतच धरलं होतं.

आपल्या आराखड्यात अशी रांग नसते. नोकरी गेली, आजारपण आलं, लग्न मोडलं, की आपण थेट बर्फात. म्हणून प्रत्येक मोठ्या ध्येयाच्या दोन्ही बाजूंना दोन-तीन झेंडे लावून ठेवा. ‘डॉक्टर व्हायचं’ एवढंच लिहू नका. त्याच्या बाजूला आजारी माणसाच्या उपयोगी पडण्याच्या दुसऱ्या वाटा लिहा. ‘घर घ्यायचं’ याच्या बाजूला, घर न घेताही स्थिर वाटावं म्हणून काय काय करता येईल ते लिहा. पैशाच्या बाबतीत, कमाई थांबली तरी सहा महिन्यांचा खर्च निघेल एवढी रक्कम वेगळी ठेवणं हाही झेंडाच. वेळेचंही तेच: आठवड्यातली एक संध्याकाळ कोणाच्याही नावावर लिहू नका. मी हे बरीच वर्षं केलं नाही आणि त्यापायी कितीदा चिडले, रडले, ते घरच्यांना माहीत आहे.

परत फिरण्याची वेळ न ठरवणं

एव्हरेस्टवर चढणारे शेवटच्या चढाईच्या दिवशी परत फिरण्याची वेळ आधी ठरवतात, बहुधा दुपारी एक किंवा दोन. शिखर हाकेच्या अंतरावर असलं तरी ती वेळ झाली की मागे वळायचं. मे १९९६ मध्ये बरेच गिर्यारोहक दोन वाजून गेल्यावरही वर चढत राहिले, वादळ आलं आणि आठ जण दगावले. वेळ खालीच का ठरवायची? कारण वर पोचल्यावर दमलेलं डोकं ‘इतकं आलोय तर थोडंसंच राहिलंय’ एवढंच म्हणतं. परीक्षेचा पाचवा प्रयत्न, तोट्यातलं दुकान, जीव गुदमरवणारं नातं, सगळीकडे हेच वाक्य ऐकू येतं. ताज्या डोक्यानं, सुरुवातीलाच, तारीख लिहून ठेवा. ती तारीख दुसऱ्या एका माणसालाही सांगून ठेवा.

जुन्या स्वतःचं ऐकत राहणं

२०१३ साली प्रसिद्ध झालेल्या, १९,००० हून अधिक लोकांच्या एका अभ्यासात दिसलं की प्रत्येक वयाचा माणूस मागच्या दहा वर्षांत आपण खूप बदललो हे मान्य करतो, पण पुढच्या दहा वर्षांत फारसे बदलणार नाही असं समजतो. म्हणून पंचविशीत लिहिलेला हट्ट पंचेचाळिशीत पुरा करायची जबरदस्ती नाही. वर्षातून एकदा वही उघडा आणि ज्या ओळीकडे पाहून आत काहीच हलत नाही ती खोडा.

एकट्यानं आखणं

ती पहिली वही मी नवऱ्याला मोठ्या हौशीनं दाखवली होती. त्यानं सगळी पानं चाळली, शेवटच्या पानावर थांबला आणि म्हणाला, “छान आहे गं. पण यात आपण दोघं कुठे भेटतो?”

मला तेव्हा राग आला होता. त्याचं बरोबर होतं हे कळायला आठ वर्षं लागली. आता वर्ष संपताना आम्ही दोन कागद घेतो, वेगवेगळ्या खोल्यांत बसून हव्या असलेल्या गोष्टी लिहितो आणि मग कागद बदलतो. जी गोष्ट दोन्हीकडे असेल तिची तारीख तिथेच ठरते. मुलगीही आता तिसरा कागद मागते. गेल्या वर्षी तिन्ही कागदांवर एक गोष्ट सारखी निघाली: रात्री थोडं चालायला जायचं. तिघांनीही ती ‘पुढच्या वर्षी’खाली लिहिली होती. साडेनऊ वाजले होते. आम्ही कागद टेबलावर तसेच ठेवले आणि चपला शोधायला लागलो.